रक्ताला तीन महिन्यांपूर्वीचं कसं आठवतं?

सकाळचे साडेसात. तालुक्याच्या गावातली छोटीशी पॅथॉलॉजी लॅब. दंडाला रबरी पट्टा बांधून ताई एकाच सुईतून दोन नळ्या भरतात. एकीचं बूच करडं, दुसरीचं जांभळं. करड्या नळीतलं रक्त 'उपाशीपोटीची शुगर' सांगणार, जांभळ्या नळीतलं 'तीन महिन्यांची'. खुर्चीतले काका बाही खाली करता करता विचारतात, "रात्रीपासून पोटात पाण्याशिवाय काही नाही. मग तीन महिन्यांपूर्वी मी काय खाल्लं, ते या रक्ताला कसं आठवतं?"

पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, राहुरीपासून जामखेडपर्यंत, हा प्रश्न कुठेही ऐकू येईल. इथे 'साखर' म्हणजे कारखान्यातली आणि 'शुगर' म्हणजे अंगातली, अशी बोलण्यातच वाटणी झालेली आहे. तपासणीच्या आधी चार दिवस गोड बंद करून करडी नळी खूश करता येते, हेही पुष्कळांना अनुभवानं ठाऊक असतं. जांभळी नळी मात्र अशी फसत नाही. ती साखर मोजतच नाही, ती मोजते साखरेनं प्रथिनांवर सोडलेली खूण. मधुमेह समजून घ्यायचा तर साखरेइतकंच लक्ष प्रथिनांकडे द्यायला हवं, असं मला वाटतं. म्हणून हे प्रकरण प्रथिनांचं आहे.

१. माळ आणि मणी

प्रथिन म्हटलं की आपल्याला डाळ, अंडी, दूध आठवतं. ते खरंच आहे, पण ताटातलं प्रथिन हा फक्त कच्चा माल. शरीर तो पचवून सुटा करतं आणि त्यातून स्वतःची हजारो प्रथिनं नव्यानं ओवतं. प्रत्येक प्रथिन म्हणजे एक माळ. तिच्यात साधारण वीस प्रकारचे मणी असतात आणि त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. इन्सुलिनच्या माळेत फक्त ५१ मणी. रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनात ५८५. रक्ताला लाल रंग देणारं हिमोग्लोबिन तर चार माळांचा गुंता आहे, दोन अल्फा आणि दोन बीटा.

ओवून झालेली माळ तशीच लोंबत राहत नाही. ती ठरावीक पद्धतीनं दुमडते, गुंडाळते, आणि त्या आकारावरच तिचं काम ठरतं. हिमोग्लोबिनचा आकार प्राणवायू धरण्या-सोडण्याचा, त्वचेतल्या कोलॅजेनचा आकार दोरासारखा ताण सोसण्याचा. शिलाई मशीनच्या दात्यांत धागा अडकला की मशीन तेच असूनही टाका बिघडतो. प्रथिनाच्या एखाद्या मण्याला भलतंच काही चिकटलं की असाच घोटाळा होऊ शकतो. मधुमेहात चिकटते ती साखर, म्हणजेच ग्लुकोज.

२. खव्याचा रंग

चुलीवर दूध आटायला ठेवलं की पांढऱ्या दुधाला हळूहळू बदामी झाक येते. आच आणि वेळ वाढला की खवा तपकिरी होतो, खमंग वास सुटतो. हा करपल्याचा रंग नव्हे. दुधातली साखर दुधातल्याच प्रथिनाला चिकटते, त्यातून हा रंग आणि वास तयार होतो. तव्यावरच्या भाकरीला पडणाऱ्या तपकिरी डागांमागेही मोठा वाटा याच क्रियेचा. लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं.

अंगात चूल नाही, पण ३७ अंशांची ऊब आहे, साखर आहे, प्रथिनं आहेत आणि भरपूर वेळ आहे. कढईत तासाभरात होणारी गोष्ट रक्तात आठवडे-महिने घेऊन होते. कोणताही पाचक रस किंवा विकर ती घडवून आणत नाही. साखर जवळ असली की ती आपोआप चिकटते, जास्त असली की जास्त चिकटते. तुमच्या-माझ्या, अगदी ठणठणीत माणसाच्या रक्तातही हे चालूच असतं. मधुमेहात फरक पडतो तो प्रमाणाचा.

चिकटण्याचे टप्पे तीन. आधी साखर नुसती टेकते, आणि रक्तातली साखर उतरली तर सुटूनही जाते. नंतर ती पक्की बसते. तिसऱ्या टप्प्याला महिने-वर्षं लागतात. पक्की बसलेली साखर बदलत बदलत तपकिरी, चिवट पदार्थ बनते आणि शेजारच्या दोन माळांना एकमेकींशी जखडून टाकते. मधुमेहाचं खरं नुकसान या तिसऱ्या टप्प्यात पुष्कळ आहे. त्याकडे शेवटी येऊ. जांभळी नळी दुसरा टप्पा मोजते.

३. गुलालाची मिरवणूक

तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. हाडांच्या मगजात दर सेकंदाला साधारण २० लाख नव्या पेशी तयार होतात आणि तितक्याच जुन्या मोडीत निघतात. म्हणजे कोणत्याही क्षणी रक्तात कालची पेशी असते, महिनाभराची असते आणि चार महिन्यांची म्हातारीही असते. पेशीच्या आत हिमोग्लोबिन ठासून भरलेलं. साखरेला आत यायला इथे इन्सुलिनची परवानगी लागत नाही. बाहेर जितकी साखर, जवळजवळ तितकीच आत. तांबड्या पेशीला साखरेला नाही म्हणता येत नाही.

आता गावची मिरवणूक डोळ्यांसमोर आणा. गुलाल उधळला जातोय. कुणी सुरुवातीपासून चालतंय, कुणी मध्ये शिरलं, कुणी आत्ताच आलं. एकदा अंगावर बसलेला गुलाल मिरवणूक सोडेपर्यंत जात नाही. तुम्ही उशिरा पोहोचलात आणि त्या क्षणी उधळण थांबलेली असली, तरी लोकांच्या सदऱ्यांकडे पाहून आतापर्यंत किती गुलाल पडला ते सांगता येईल. सदरे म्हणजे हिमोग्लोबिन, गुलाल म्हणजे साखर. करडी नळी फक्त या क्षणी हवेत किती गुलाल आहे ते पाहते.

याच चित्रातून आणखी एक गोष्ट कळते. गेल्या महिन्यातली उधळण जवळजवळ सगळ्यांच्या अंगावर पडलेली असते. तीन महिन्यांपूर्वीची मात्र फक्त जुन्यांच्या अंगावर असते. म्हणून 'तीन महिन्यांची सरासरी' असं म्हटलं तरी या आकड्यातला जवळपास निम्मा भाग शेवटच्या महिन्याचा असतो.

ही खूण सापडली ती काहीशी अवचित. तेहरान विद्यापीठात सॅम्युएल रहबर रुग्णांच्या रक्तात वेगळ्या प्रकारची हिमोग्लोबिनं आहेत का, हे तपासत होते. विजेच्या ओढीनं प्रथिनं जेलमधून सरकवली की प्रत्येकाचा पट्टा ठरावीक जागी थांबतो. मधुमेह असलेल्यांच्या रक्तात एक जादा ठळक पट्टा दिसला. रहबर यांनी १९६८ मध्ये त्याबद्दल लिहिलं. तो पट्टा म्हणजे बीटा माळेच्या टोकाच्या पहिल्याच मण्यावर साखर चढलेलं हिमोग्लोबिन, आज ज्याला आपण एचबीएवनसी म्हणतो.

आकडा वाचायला सोपा आहे. रिपोर्टवर ७ टक्के असेल तर शंभरांतल्या साधारण सात हिमोग्लोबिनांवर त्या जागी साखर बसलेली आहे. ५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा, ६.५ आणि त्यावर म्हणजे मधुमेह. यावरून सरासरी साखरेचा अंदाज काढायचा असेल तर आकड्याला २८.७ नं गुणायचं आणि ४६.७ वजा करायचे. ७ ला गुणलं की २००.९ येतात, वजाबाकी करून उरतात सुमारे १५४. म्हणजे सरासरी साखर १५४ मिलिग्रॅमच्या आसपास. ८ असेल तर १८३, ९ असेल तर २१२. एक टक्का वाढला की सरासरी सुमारे २९ नं चढते. 'सातचं आठ झालंय, एवढंच ना' असं म्हणण्याआधी हे २९ आठवावेत.

४. सदऱ्यांवरून चुकणारा अंदाज

मिरवणुकीतली माणसं नेहमीपेक्षा जास्त वेळ रेंगाळली तर? उधळण तेवढीच, पण प्रत्येकाच्या अंगावर गुलाल जास्त. लोहाच्या कमतरतेनं होणाऱ्या पंडुरोगात तसंच काहीसं होतं असं मानलं जातं, आणि एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. उलट रक्तस्राव झाला, रक्त चढवलं किंवा तांबड्या पेशी लवकर फुटण्याचा आजार असला तर कोऱ्या सदऱ्यांची गर्दी वाढते आणि आकडा खोटाच चांगला दिसतो.

आपल्याकडे ही बारीकसारीक बाब नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. पाथर्डी-जामखेडकडून ऊसतोडीला जाणारी एखादी बाई पहाटेपासून मोळ्या उचलते आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाते. तिचा सहा पूर्णांक काही हा आकडा तिच्या हिमोग्लोबिनचा आकडा शेजारी ठेवल्याशिवाय वाचूच नये. दोन्ही तपासण्या त्याच जांभळ्या नळीतून होतात.

५. काटा आणि कांड्या

पुण्यात पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. तिचं उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी झालं. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, प्रवरेच्या काठी लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी उभारलेल्या सहकारी साखर कारखान्यात पहिला ऊस गाळला गेला. साखरेचा जिल्हा आणि साखरेच्या खुणा शोधणारी प्रयोगशाळा यांच्यात अंतर फार नाही.

या प्रयोगशाळेत महेश कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी कित्येक वर्षं साखर चढलेल्या प्रथिनांचा अभ्यास करत आले आहेत. त्यांचं मुख्य हत्यार म्हणजे रेणूंचं वजन करणारं यंत्र, मास स्पेक्ट्रोमीटर. ते समजायला कारखान्याचा काटा पुरेसा आहे. उसाचा ट्रॅक्टर आधी भरून काट्यावर जातो, मग रिकामा. दोन वजनांतल्या फरकावरून ऊस किती आला ते कळतं. इथेही तसंच. आधी प्रथिनाची लांब माळ विकरानं ठरावीक ठिकाणी तोडून तिच्या कांड्या करायच्या, मग एकेक कांडी काट्यावर घालायची. ग्लुकोजचा रेणू १८० वजनाचा. चिकटताना पाण्याचा १८ वजनाचा एक रेणू बाहेर पडतो, म्हणून कांडीचं वजन १६२ नं वाढतं.

खरं उदाहरण घेऊ. हिमोग्लोबिनच्या बीटा माळेच्या टोकाची सहा मण्यांची कांडी तोडली तर तिचं वजन भरतं साधारण ६९४. शेजारी ८५६ वजनाची कांडी दिसली, तर फरक नेमका १६२, म्हणजे साखर बसलेली. जगभरच्या लॅबमधल्या एचबीएवनसीच्या तपासण्या ज्या मूळ संदर्भपद्धतीवर पारखून घेतात, ती याच सहा मण्यांच्या कांडीवर उभी आहे.

कुलकर्णी यांच्या गटाचं मला सर्वांत मोलाचं वाटणारं काम २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांनी प्रश्न विचारला अल्ब्युमिनबद्दल. यकृतात तयार होणारं हे प्रथिन रक्तद्रवात सगळ्यांत जास्त असतं, आणि साखर चिकटायला त्याच्यावर जागाही पुष्कळ असतात. मग ज्यांच्या रक्तात अल्ब्युमिन कमी, त्यांच्या बाकीच्या प्रथिनांवर साखर जास्त चढते का?

उत्तर तीन वाटांनी शोधलं गेलं. मधुमेह घडवलेल्या उंदरांच्या रक्तद्रवात पाहिलं, मधुमेही माणसांच्या रक्तद्रवात पाहिलं, आणि नळीत अल्ब्युमिन मुद्दाम कमी-जास्त करून साखर चढवून पाहिलं. अल्ब्युमिन कमी असलेल्या नमुन्यांत इतर प्रथिनांवर साखर जास्त चढलेली होती, आणि एचबीएवनसीचा आकडाही अल्ब्युमिनच्या उलट दिशेनं जात होता. नळीतल्या प्रयोगातून कारणाचा माग लागला. साखर चिकटवून घेण्याच्या बाबतीत अल्ब्युमिन इतर प्रथिनांशी स्पर्धा करतं.

संगमनेर भागातल्या टोमॅटोवाल्यांना हे लगेच पटेल. टोमॅटोच्या कडेनं झेंडू लावतात. अळीची मादी अंडी घालायला झेंडूकडे वळते आणि मुख्य पीक बऱ्याच अंशी वाचतं. त्याला आपण सापळा पीक म्हणतो. अल्ब्युमिन हे रक्तातलं सापळा पीक आहे. ते सतत नवं तयार होतं, साधारण तीन आठवड्यांत निम्मं बदलून जातं. त्यामुळे त्याच्यावरची साखर त्याच्याबरोबर निघून जाते.

यावरून 'डाळ वाढवा, शुगर घटवा' असा निष्कर्ष काढायची घाई करू नये. अल्ब्युमिन कमी होण्यामागे कुपोषण असू शकतं, तसंच यकृताचा आजार, जुनाट संसर्ग किंवा गळकं मूत्रपिंडही असू शकतं. शेवटचं कारण मधुमेहींच्या फार जवळचं आहे. साखरेनं मूत्रपिंडाची गाळणी खराब झाली की अल्ब्युमिनच लघवीवाटे झिरपायला लागतं. म्हणजे सापळा पीकच वाहून जातं. लघवीतलं अल्ब्युमिन वर्षातून एकदा तपासायला डॉक्टर सांगतात, ती तपासणी टाळू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. सुरुवातीला काही दुखत नाही, सूज दिसत नाही, आणि तेवढ्यात बरंच हातचं निघून जातं.

६. चिकटलेली साखर सोडवता येईल का?

अनेक देशांत हा प्रयत्न झाला. अमिनोग्वानिडिन नावाचं रसायन प्रयोगशाळेत आशादायक ठरलं, पण माणसांवरच्या चाचण्यांत सुरक्षिततेचे प्रश्न आले आणि त्याचं औषध झालं नाही. पुण्याच्या गटानं दुसरी वाट धरली. आधीच वापरात असलेल्या औषधांपैकी कुणात हा गुण आहे का, ते पाहायचं. रक्तदाबावरच्या हायड्रालाझिननं मधुमेही उंदरांच्या प्रथिनांवरची साखरेची खूण कमी झालेली त्यांना २०१३ मध्ये दिसली. २०१५ मध्ये क्षयरोगाचं रिफाम्पिसिन, म्हणजे ज्यानं लघवी केशरी होते ते औषध, त्यांनी एक मिलिमीटर लांबीच्या कृमीवर वापरून पाहिलं. कृमींमधले ते चिवट पदार्थ घटले आणि कृमी जास्त दिवस जगले.

कृमी म्हणजे माणूस नव्हे. रिफाम्पिसिन मनानं घेतलं तर यकृताला धोका आहे, इतर औषधांचा परिणाम उतरू शकतो, आणि क्षयाचे जंतू त्याला दाद न देणारे होऊ शकतात. या प्रयोगांचं मोल औषध सापडलं यात नाही. चिवट झालेली साखर अजिबात हटणार नाही ही समजूत त्यांनी थोडी सैल केली, यात ते आहे.

७. पाटपाणी आणि ठिबक

आता इन्सुलिन. तेही प्रथिनच, म्हणून त्याची गोळी होत नाही. गिळलं तर पोट त्याच्याशी वरणातल्या प्रथिनासारखंच वागतं, मणी सुटे करून टाकतं. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं, तेव्हापासून सुई आली ती यामुळे.

माळेतल्या मण्यांचा क्रम फ्रेडरिक सँगर यांच्या कामातून १९५५ पर्यंत पूर्ण कळला आणि मग शास्त्रज्ञांनी मणी बदलून पाहायला सुरुवात केली. जेवणाआधी घ्यायच्या लिस्प्रो इन्सुलिनमध्ये शेजारच्या फक्त दोन मण्यांची अदलाबदल आहे. तेवढ्यानं त्याचे रेणू एकमेकांना धरून बसत नाहीत आणि लवकर कामाला लागतात. ग्लार्जिनमध्ये उलट हेतू. कुपीत ते आम्लात विरघळलेलं असतं, कातडीखाली गेल्यावर त्याचे बारीक कण जमतात आणि दिवसभर थोडं थोडं सुटत राहतं. प्रवरेच्या कालव्यावरचा शेतकरी हे एका वाक्यात सांगेल. पहिलं पाटाचं पाणी, दुसरं ठिबक. निरोगी स्वादुपिंड दोन्ही करतं. रात्रंदिवस ठिबक चालू, आणि ताट पुढे आलं की पाट सोडायचा. दोन वेगवेगळी इंजेक्शनं का लिहून दिली, असं विचारणाऱ्यांना हे एवढं सांगितलं तरी पुरतं.

८. हात जोडून

तांबडी पेशी चार महिन्यांत जाते, अल्ब्युमिन काही आठवड्यांत. पण काही प्रथिनं शरीर क्वचितच बदलतं. त्वचेतलं कोलॅजेन निम्मं बदलायला सुमारे १५ वर्षं जातात. डोळ्याच्या भिंगातली प्रथिनं तर जन्मभर तीच. त्यांच्यावर चढलेली साखर तिसऱ्या टप्प्यात पोहोचते, माळेला माळ जखडते. भिंग गढूळ होतं, रक्तवाहिनीची भिंत ताठरते, खांदा आखडतो.

अमेरिका आणि कॅनडात पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ मध्ये आले. साखर काटेकोर आटोक्यात ठेवणाऱ्या गटात डोळे, मूत्रपिंड आणि नसांचं नुकसान बरंच कमी झालं. पुढे दोन्ही गटांचा एचबीएवनसी जवळजवळ सारखा झाला, तरी आधी काळजी घेतलेल्यांना त्याचा फायदा कितीतरी वर्षं मिळत राहिला. या लांब स्मरणशक्तीमागे इतर कारणंही आहेत, पण दीर्घायुषी प्रथिनांवरच्या खुणा हे त्यांतलं एक महत्त्वाचं कारण मानलं जातं.

ही खूण सुईशिवायही कधी कधी दिसते. वर्षानुवर्षं शुगर असलेल्या काहींच्या बोटांचे सांधे आखडतात, तळहाताची कातडी जाड आणि मेणचट लागते. त्यांनी दोन्ही हात जोडले की तळवे टेकतात, बोटांची टोकं टेकतात, पण मधली पेरं एकमेकांना भिडत नाहीत आणि उजेड दिसेल इतकी फट राहते. संधिवातातही असं होऊ शकतं, म्हणून एवढ्यावरून निदान करत नाहीत. तरी अनुभवी डॉक्टर समोरच्या आजोबांना म्हणतात, "बाबा, जरा नमस्कार करून दाखवा." आजोबा हात जोडतात, आणि डॉक्टर त्यांच्या बोटांच्या मधोमध पाहत राहतात.